डबा झालाय

माझ्या बेंबीच्या आसपास पाच डाग आहेत. शर्टाच्या आत असतात म्हणून कुणाला दिसत नाहीत. शाळेत असताना विहिरीवर पोहायला गेलो की पोरं विचारायची, सिगारेटचे चटके का रे? सिगारेटचे नाहीत. मी नऊ महिन्यांचा असताना मला डबा झाला होता. आमच्या देवगाव रंगारीकडं लहान लेकराची छाती भरली, धाप लागली, श्वासासरशी पोट खालीवर उडायला लागलं की लेकराला डबा झाला असं म्हणतात. डॉक्टर त्याला न्यूमोनिया म्हणतो. तेव्हा डॉक्टर कन्नडला होता आणि डागणारी म्हातारी आमच्याच गल्लीत, त्यामुळं सळई तापवून मला पाच चटके दिले गेले. मी चटक्यांमुळं जगलो की चटके देऊनही जगलो, देव जाणे. आई मात्र एवढंच म्हणायची, "तू रडलास त्याच्यापरीस मी लई रडले."

हे सगळं मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात मला काही माहीतच नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडं नाही.

माझी पोरगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. आम्ही सिडकोत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. मी वाळूजला एका कंपनीत लाइनवर, बायको फुलंब्रीच्या पुढं एका खेड्यात शाळेवर मास्तरीण. सकाळी सहाला माझी कंपनीची बस, सातला तिची एसटी. पोरीला सांभाळायला म्हणून गावाहून आईला आणलेलं. आईला शहर काही मानवलं नव्हतं. अजूनही ती औरंगाबादच म्हणायची आणि एकटी कधी रिक्षात बसलेली नव्हती. तिला वाटायचं, रिक्षावाला भलतीकडंच नेऊन सोडेल. पण पोरगी तिच्या अंगाखांद्यावर अशी वाढत होती की आम्ही दोघं संध्याकाळी घरी आलो तरी आमच्याकडं यायला मागायची नाही.

थंडीचे दिवस होते. आधी नुसतं नाक गळत होतं, मग खोकला, मग ताप. ताप असा की कपाळाला हात लावला तर हात मागं घ्यावा. दोन दिवस आम्ही तिघं तिच्याभोवती नुसते फिरत होतो. कोमट पाण्यात फडकं पिळायचं, काखेत, जांघेत, कपाळावर फिरवायचं. ताप शंभरावर आला की हुश्श म्हणायचं, तासाभरात तो पुन्हा एकशेतीनला. औषध पाजलं की ती ओकायची. ओकली की पुन्हा पाजायचं का, आणि पाजलं तर जास्त तर होणार नाही ना, यावरून माझं आणि बायकोचं भांडण. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाला, "कफ आहे छातीत. औषध चालू ठेवा. पण पोट उडायला लागलं, नाहीतर दूध सोडलं, तर एक मिनिट थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात." मी मुंडी हलवली. मुंडी हलवायला काय लागतं?

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरलेला वाटला. पोरगी आईच्या खांद्यावर झोपली होती. मला रजा नव्हती अशातला भाग नाही. चार दिवस शिल्लक होती, पण ती मी गावच्या जत्रेसाठी राखून ठेवलेली. बायकोच्या शाळेत परीक्षा. म्हटलं, आता उतार पडलाय, आई आहे. मी बूट घालत असताना आई दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आज डबा नाय झाला रं तुझा. लेकरू खालीच उतरंना." मी म्हटलं, "राहू दे, कॅन्टीनला खातो." आणि बस पकडली.

आमच्याकडं लाइनवर फोन न्यायला बंदी. फोन लॉकरमध्ये. घरचं काही अडलं तर गेटवर फोन करायचा, गेटवरचा सिक्युरिटीवाला सुपरवायझरला कळवतो, सुपरवायझर आपल्याला. गेटचा नंबर बायकोनं मोठ्या आकड्यांत लिहून फ्रिजवर चिकटवला होता.

अकराच्या सुमाराला सुपरवायझर हसत हसत आला. मशीनच्या आवाजात ओरडायलाच लागतं, त्यामुळं जे बोलला ते सगळ्या लाइननं ऐकलं. "अरे, घरून फोन होता तुझ्या आईचा! डबा झालाय म्हणं तुझा! लवकर ये म्हणं!"

सगळे हसले. मीही हसलो. बिचारी म्हातारी, तिला सकाळपासून रुखरुख लागून राहिली असणार लेक उपाशी गेला म्हणून. आता भाकऱ्या टाकल्या असतील आणि तिला वाटत असेल वाळूज म्हणजे गावातलं शेत, लेक बांध ओलांडून जेवायला येईल. शेजारचा म्हणाला, "जा की, आई बोलावतीय!" मग मलाही चेव आला. मी ओरडून सांगितलं, "आलोच म्हणावं जेवायला! भाजी गार होऊ देऊ नको म्हणावं!"

पुन्हा हशा. सुपरवायझर हसतच गेला. पुढं काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यानं गेटवर सांगितलं आणि गेटवरच्या माणसानं इमानेइतबारे आईला फोन लावून निरोप दिला. त्या माणसाची काही चूक नाही. तो बिचारा परमुलखातला, त्याला डब्बा म्हणजे जेवणाचा डब्बा एवढंच ठाऊक. डबा म्हणजे दुसरं काय ते ठाऊक असणारा त्या कंपनीत मी होतो. साडेअकराला मी कॅन्टीनमध्ये वांग्याची भाजी खाल्ली. चांगली झाली होती, दोनदा घेतली.

घरी काय चाललं होतं? मी गेल्यावर चार तासांत पोरीचा ताप उसळून वर आला. तिनं दूध सोडलं. आईनं तिला मांडीवर आडवी घेतली, अंगातलं झबलं वर केलं आणि बघितलं तर पोट उडतंय. आईला कुणी काही सांगायची गरज नव्हती, तिनं ते एकदा माझ्या अंगावर बघितलेलं होतं. बायकोला फोन लावला तर बंद, परीक्षेच्या वेळी सगळे फोन कपाटात. मला लावला, नुसती रिंग. मग गेटवर. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आवाज ऐकून खाली आल्या. त्या पण आमच्याच भागातल्या. त्या आधी म्हणाल्या, "मावशी, एक चटका देऊन बघायचा का? आमच्याकडं देतात." आई म्हणाली, "एकाला दिला तेवढा बास झाला. हिला मी सळई लावू द्यायची नाय." मग वहिनी म्हणाल्या, "मग चला, रिक्षा करून दवाखान्यात जाऊ." तेवढ्यात गेटवरून निरोप आला, आ रहे हैं बोले. आई वहिनींना म्हणाली, "त्यो निघालाय. आपण निघालो अन् त्यो हिकडं आला तर चुकामूक व्हईल." बारा वाजले, एक वाजला. तिनं पुन्हा गेटवर लावला. तो म्हणाला, "निकल गये होंगे, माँजी." वहिनी पुन्हा खाली आल्या, पुन्हा तेच म्हणाल्या. आई दारात बसून होती, पोरगी मांडीवर, नजर गल्लीच्या तोंडाकडं.

साडेतीनला शिफ्ट सुटली. लॉकर उघडला, फोन बघितला. आईचे अकरा मिस्ड कॉल. भाकरी झाली म्हणून कुणी अकरा फोन करत नाही. मी तिथंच उभा राहून फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. "कुठवर आलास रं?" आई म्हणाली. आणि तिच्या आवाजामागं मला दुसरा आवाज ऐकू आला. कण्हण्याचा, बारीक, प्रत्येक श्वासाला एक.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. डबा झालाय. अरे देवा. डबा झालाय!

"आई, वहिनींना फोन दे," मी ओरडलो. वहिनींना म्हटलं, पाया पडतो, आत्ताच्या आत्ता रिक्षात घाला आणि जालना रोडच्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात न्या, मी तिथंच येतो. एका दोस्तानं काही न विचारता गाडीची किक मारली. वाळूजहून गावात येताना त्या वेळेला किती ट्रॅफिक असते ते रोज जाणाऱ्याला सांगायला नको. नगर नाक्याला आम्ही अडकलो. पुढं एक ऊस भरलेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. मी मागच्या सीटवर बसून त्या ट्रॅक्टरवाल्याला मोठ्यानं शिव्या देत होतो आणि त्याला गाण्यांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. क्रांती चौकात पुन्हा सिग्नल. दोस्त म्हणाला, "होईल रे नीट." मी त्याच्यावरच खेकसलो, "तुला काय माहीत?"

दवाखान्यात पोचलो तेव्हा पोरीला टेबलावर घेतलं होतं. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं आणि पुन्हा कधी बघायची वेळ येऊ नये. बरगड्यांच्या खाली दर श्वासाला खड्डा पडत होता. नाकपुड्या फुललेल्या. ओठ जांभळट. डोळे अर्धे उघडे, पण माझ्याकडं बघत नव्हती. सुई टोचायला शीर सापडेना, या हाताला, त्या हाताला, मग पायाला, पुन्हा हाताला, आणि पोरगी रडेना. लसीच्या वेळी सगळी गल्ली डोक्यावर घेणारी पोरगी, ती रडेना. मी मनात म्हणत होतो, रड गं माझे बाई, रड.

डॉक्टर बाई तरुण होत्या. पोरीला ऑक्सिजनचा मास्क लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोट कधीपासून उडतंय?"

मी म्हणायला लागलो, "दुपार..."

"साडेधा वाजल्यापून," आई म्हणाली.

डॉक्टर बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पावणेपाच वाजले होते. "एवढा वेळ घरी काय करत होतात?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्याच्या आधी आई बोलली. "चूक माझी. मी अडाणी बाई. मला रिक्षा करता येत नाय."

आणि मी तोंड मिटलं.

पाठोपाठ बायको आली, फुलंब्रीहून मिळेल त्या जीपनं. वहिनींनी तिला फोनवर सगळं सांगितलेलं, दोनदा चला म्हटलं तरी मावशी उठल्या नाहीत म्हणून. बायको तशी आईला कधी उलटून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "आई, वहिनी चला म्हणत होत्या ना? मग कशाची वाट बघत बसलात हो? माझं लेकरू गेलं असतं म्हणजे?" आई खाली मान घालून पदराचं टोक पिळत उभी. मी शेजारी मूग गिळून. मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. पोरीला काही झालं आणि बायकोला कळलं की मी भाजीवरून थट्टा केली होती, तर ती जन्मात माझं तोंड बघणार नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं. बापाच्या डोक्यात त्या वेळी असं काही येतं, हे लिहिताना आजही मला स्वतःची शिसारी येते.

पुढचे दोन दिवस मी श्वास मोजले. डॉक्टर बाईंनीच काम लावून दिलं होतं, मिनिटाचे श्वास मोजा, कागदावर लिहा, वाढले तर सिस्टरला हाक मारा. छातीवर नजर रोवायची आणि मोजायचं. अठ्ठावन्न. बासष्ट. साठ. मध्येच ती मास्क ओरबाडून काढायची. हाताला पुठ्ठा बांधलेला, सलाईनची सुई निघू नये म्हणून, त्या पुठ्ठ्यानंच मास्कला ढकलायची. मग बायको तिचे हात धरायची आणि मी मास्क. वाफ दिली की खोकून खोकून निळी पडायची. ताप उतरवायला फडकं फिरवायचं ते आईकडं. आई पायाशी उभी राहून तळपाय पुसायची. बायको तिच्याशी बोलत नव्हती. "जरा सरका," एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक्स-रे बघून डॉक्टर बाईंनी मला बाहेर बोलावलं. उजवी बाजू सगळी पांढरी दिसत होती. म्हणाल्या, "औषधाला साथ देत नाहीये. थकत चाललीय ती. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर व्हेंटिलेटर लावावा लागेल. इथं सही करा." मी सही केली ती चुकीच्या रकान्यात. पुन्हा केली. जिन्यात जाऊन मी भिंतीला डोकं टेकलं आणि ज्या देवांना वर्षानुवर्षं हात जोडले नव्हते त्या सगळ्यांना हाका मारल्या. म्हटलं, पोरगी वाचू दे, मी सगळं खरं सांगून टाकतो. बोललो आणि माझं मलाच वाटलं, काय लायकीचा माणूस आहेस रे तू! खरं बोलायचं तर आत्ता जा आणि बोल. देवाशी कसली घासाघीस करतोस? पण गेलो नाही.

संध्याकाळी श्वास छप्पन्न झाले. मग चोपन्न. व्हेंटिलेटरचं पुढं ढकललं. मी आकडा लिहायचो आणि लगेच पुन्हा मोजायचो, माझ्यावर माझा विश्वासच उरला नव्हता. तिसऱ्या दिवशी ताप तुटला. घामानं उशी भिजली आणि पोरीनं डोळे उघडून रीतसर भोकाड पसरलं. वॉर्डातल्या दुसऱ्या बाया कानावर हात ठेवत होत्या आणि माझी बायको हसत होती आणि रडत होती.

पाचव्या दिवशी मास्क निघाला. डॉक्टर बाई म्हणाल्या, उद्या-परवा घरी सोडू, पण अजून जपायचं. दुपारी आई घरून जेवण घेऊन आली. एकटी, रिक्षात बसून. पहिल्या दिवसानंतर ती रोज तशीच यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं होतं, कशी आलीस? "न येऊन सांगते कुणाला," एवढंच म्हणाली होती. बाहेरच्या बाकावर तिनं फडकं सोडलं, भाकरी माझ्यापुढं ठेवली. ती माझ्याकडं बघत नव्हती. पाच दिवसांत एकदाही तिनं माझ्याकडं सरळ बघितलं नव्हतं. मला वाटायचं, सुनेच्या बोलण्यानं दुखावलीय.

भाकरीला हात लावायच्या आधीच मी म्हटलं, "आई, त्या दिवशी कंपनीत मी थट्टा केली होती."

"माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"त्या गेटवाल्यानं सांगितलं की. जेवायला येतो म्हणले, अन् भाजी गार होऊ देऊ नका म्हणले." तिचा आवाज कापायला लागला. "मी म्हणलं, लेकरू माझ्या मांडीवर तडफडतंय अन् माझ्या पोटच्याला भाजीचं सुचतंय. तरी बी म्हणलं, यील. जेवायला का व्हईना, यील. म्हणून बसून राह्यले. पाच दिस झाले, हे कुणाला बोलावं? सुनंला सांगू, का तुझा नवरा असला हाय?"

म्हणजे पाच दिवस ही बाई डॉक्टरचं ऐकत होती, सुनेचं ऐकत होती, आणि आत हे घेऊन पोरीचे तळपाय पुसत होती. आणि मी समजत होतो की झाकून मी ठेवलंय.

"आई," मी म्हटलं, "मला वाटलं जेवणाचा डबा. सकाळी तूच म्हणालीस ना, डबा नाही झाला म्हणून. मला वाटलं भाकरी केलीस. मला कळलंच नाही गं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"कळलंच नव्हतं?"

"नाही."

"आईच्यान?"

"तुझ्यान."

तिनं तोंडाला पदर लावला. आधी वाटलं रडतेय, मग वाटलं हसतेय, दोन्ही चाललं होतं. "अरं मुडद्या," ती म्हणाली, "माझा जीव भांड्यात पडला बघ!" आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. मग तोच हात पुढं घेऊन शर्टावरूनच माझ्या पोटावर ठेवला. "अन् डबा म्हंजी काय ते तुला कळंना? हितं लिवून ठिवलंय की रं तुझ्या!"

मी बाकावर बसून ढसाढसा रडलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

थोड्या वेळानं डोळे पुसून आई म्हणाली, "बायकोला सांगू नको. तिचा राग माझ्यावर हाय ते बरंय. जाईल चार दिसांनी. तुझ्यावर धरला तर जायाचा नाय."

मी भाकरी फडक्यात बांधून ठेवली, हात धुतले आणि बायकोला सांगायला आत गेलो.